पिलू, आई आणि जिवाणू : एका अभ्यासविषयाची प्रस्तावना

शेळी व्यायला लागली की घरातले कोणीतरी तिच्याजवळ जाऊन बसते. दुसरबीडमध्ये, किंबहुना बुलढाणा जिल्ह्याच्या सिंदखेड राजा तालुक्यातल्या कुठल्याही गावात, हे नेहमीचेच. करडू खाली पडते, शेळी वळून त्याला हुंगते आणि चाटायला लागते. आधी नाकातोंडावरचा चिकट पडदा, मग पाठ, मग पोट, मग शेपटीखाली. चाटताना घशातल्या घशात तिचा हलका आवाज चाललेला असतो. थोड्या वेळाने करडू मागचे पाय उचलते, पडते, पुन्हा उठते, आईच्या पायांमध्ये तोंड खुपसत कास हुडकते. सड तोंडात येतो, चीक पोटात जातो. घरच्यांच्या लेखी शेळी सुखरूप सुटली. या पुस्तकाचा विषय तिथून सुरू होतो.

तेवढ्या वेळात करडाच्या अंगावर आणि अंगात असंख्य जिवाणू पोचलेले असतात. गर्भाशयात ते जवळजवळ निर्जंतुक वाढले. बाहेर येताना जन्ममार्ग, मग आईची जीभ, सडाची कातडी, गोठ्यातली लेंड्यांची माती आणि आपले हात, सगळीकडून त्याला काही ना काही मिळाले. यातले काही जिवाणू आतड्यात ठाण मांडतील, काही दोन दिवसांत नाहीसे होतील, एखादा जिवावर उठेल. कोणता आधी पोचला, किती संख्येने पोचला, चिकाच्या आधी पोचला की नंतर, यावर त्या शरीराचे पुढचे बरेच काही अवलंबून असते. त्याच वेळी आई त्याला कोरडे करत असते, ऊब देत असते, वासाने ओळखून घेत असते. जिवाणूंचा परिणाम आणि आईच्या वागण्याचा परिणाम एकाच शरीरावर एकाच घडीला होत असतात.

मला इथे एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. नवजात पिलाला एकटे मोजता येत नाही. त्याचे तापमान, त्याची भूक, त्याची रोगप्रतिकारशक्ती, ताण सोसण्याची त्याची ताकद, यातले काहीही मोजायचे तर मोजमापात आई धरावीच लागते. जिवाणूने पिलाला आजारी पाडले की आई बदलते, आणि आई बदलली की पिलाचे शरीर आणखी बदलते. हे वर्तुळ ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष अर्धा असतो. नव्याने या विषयाकडे वळणाऱ्या वाचकाने एवढे धरून ठेवले तरी पुढची प्रकरणे वाचायला तो तयार झाला असे मी समजेन.

या विषयाचे दोन प्रवाह फार काळ एकमेकांची ओळख नसल्यासारखे वाहत होते. पहिला जिवाणूंच्या अभ्यासकांचा. म्युनिकमध्ये थिओडोर एशरिश यांनी १८८५ साली तान्ह्या मुलांच्या शीमधील जिवाणूंचे वर्णन केले. जन्मतःच्या काळ्या शीमध्ये जिवाणू सापडत नाहीत, पण फार वेळ जात नाही तोच त्यांची गर्दी होते, हे त्यांनी दाखवले. ‘एश्चेरिशिया कोलाय’ या नावात त्यांचेच नाव आहे. त्याच वर्षी लुई पाश्चर यांनी एक शंका मांडली : जिवाणूंशिवाय प्राणी जगू शकेल का? त्यांना वाटत होते, नाही. दहा वर्षांनी बर्लिनमध्ये नटॉल आणि थिअरफेल्डर यांनी पोट फाडून काढलेले गिनीपिगचे पिलू निर्जंतुक पेटीत काही दिवस वाढवून दाखवले. ते जगले. पुढे विसाव्या शतकात निर्जंतुक उंदरांच्या पिढ्याच्या पिढ्या प्रयोगशाळांत वाढल्या. जिवाणूंशिवाय जगता येते हे सिद्ध झाले, आणि ते जगणे किती वेगळे असते हेही कळले. अशा उंदरांचे अंधांत्र फुगून भलेमोठे होते, के जीवनसत्त्व त्यांना खाद्यातून द्यावे लागते, आतड्याची रोगप्रतिकारक घडण अपुरी राहते.

दुसरा प्रवाह आईच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्यांचा. १९५७ साली सेमूर लेव्हिन यांनी दाखवले की पांढऱ्या उंदराची तान्ही पिले रोज थोडा वेळ हाताळून परत ठेवली, तर मोठेपणी ती ताण अधिक चांगला पेलतात. हातांत काय जादू आहे, असा प्रश्न बरीच वर्षे चर्चेत राहिला. उत्तर शेवटी आईकडे सापडले. घरट्यात परत आलेल्या पिलांना आई जास्त चाटते. माँट्रियलमध्ये मायकेल मीनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली हे मोजून मांडले : ज्या माद्या पिलांना जास्त चाटतात, त्यांच्या पिलांची ताणाला मिळणारी संप्रेरकांची प्रतिक्रिया मोठेपणी सौम्य असते. पिलांची अदलाबदल करून त्यांनी पुढे असेही दाखवले की हा गुण केवळ रक्तातून येत नाही, वाढवणाऱ्या मादीकडूनही येतो.

हे दोन प्रवाह जिथे मिळाले, तिथे आपला विषय जन्मला. माँट्रियलच्याच परंपरेत नोला शँक्स आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या पिलांना जन्मानंतर तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी साल्मोनेला जिवाणूच्या आवरणातला विषारी अंश, ज्याला एंडोटॉक्सिन म्हणतात, टोचला. जिवंत जिवाणू नाही, फक्त त्याची खूण. पिले चार-दोन दिवसांत सावरली. मोठेपणी मात्र ताणाला त्यांची प्रतिक्रिया तीव्र निघाली आणि सांध्यांच्या सुजेला ती कमी बळी पडली. शरीराने लहानपणची ती भेट लक्षात ठेवली होती. २००५ च्या सुमारास स्टेसी बिल्बो यांनी चौथ्या दिवशी ई. कोलायचा संसर्ग झालेली पिले मोठी होऊ दिली. एरवी ती धडधाकट होती. पण मोठेपणी रोगप्रतिकारशक्तीला दुसरा धक्का बसला की त्यांची स्मरणशक्ती ढासळत होती.

इथे सावध वाचकाने थांबून विचारावे : हा परिणाम जिवाणूचा, की आजारी पिलांशी आई वेगळी वागली त्याचा? कॅथरिन हूड यांच्या गटाने २००३ साली नेमके हेच तपासले. लहान उंदराच्या (माउसच्या) पिलांना एंडोटॉक्सिन टोचल्यावर आईचे वागणे बदलले आणि मोठेपणी त्या पिलांचे इतरांशी वागणेही बदललेले दिसले. टोचणी पिलाला, बदल आईत! माझ्या मते या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा धडा आहे, आणि तो पुरेसा गिरवला गेलेला नाही. नवजात प्राण्यांवरचा प्रयोग वाचताना मी आधी पद्धतीच्या भागात जातो आणि आईची नोंद ठेवली आहे का ते पाहतो. नसेल, तर आकडे कितीही देखणे असोत, ते मी राखूनच स्वीकारतो.

आजारी पिलू आईला काय कळवते, कसे कळवते? पिलाजवळ साधने फार थोडी असतात. तान्ह्या उंदराला स्वतःची ऊब टिकवता येत नाही. घरटे, भावंडे आणि आईचे पोट हीच त्याची शेगडी. त्याला आपणहून मूतताही येत नाही, आईने चाटल्यावरच लघवी होते, आणि त्या पाण्याचा बराच भाग आईच्या शरीरात परत जातो. ते ओरडते ते माणसाला ऐकू न येणाऱ्या उंच स्वरात. आईला मात्र ते ऐकू येते.

सशांच्या पिलांवरचा एक प्रयोग मला फार मोलाचा वाटतो. ईव्हलिन सॅटिनॉफ आणि सहकाऱ्यांनी १९७६ साली नवजात सशांना जिवाणूपासून काढलेला ताप आणणारा पदार्थ टोचला. एका जागी ठेवलेल्या पिलांना ताप चढलाच नाही. ती ताप तयार करायला असमर्थ आहेत असेच कोणीही म्हटले असते. मग त्यांना एका टोकाला गार आणि दुसऱ्या टोकाला गरम अशा पट्टीवर सोडले. टोचलेली पिले सरपटत जास्त गरम जागी गेली आणि त्यांचे अंग तापले. म्हणजे ताप आणण्याची इच्छा शरीरात होती, साधन बाहेर होते. घरट्यात ते साधन म्हणजे आई आणि तिने पसरलेली लोकर. सशाची मादी तर दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटे पाजायला येते, आणि जाताना घरट्यात आपल्या काही लेंड्या टाकून जाते. पिले त्या खातात. आईच्या आतड्यातले जिवाणू असे त्यांच्यात पोचतात. घोड्याचे शिंगरू आणि हत्तीचे पिलू आईची ताजी लीद खातात तेही याच कारणाने. पाहणाऱ्याला किळस येईल, पण पिलाच्या दृष्टीने तो पोषणाचाच भाग आहे.

आता विदर्भाच्या दुसऱ्या टोकाला जाऊ, माणसाच्या बाळाकडे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याची पद्धत उभारली. गावातल्याच शिकवून तयार केलेल्या आरोग्यदूत बायका बाळ तपासत, आईला ऊब आणि स्तनपान समजावत, आणि जंतुसंसर्ग ओळखून घरीच प्रतिजैविके देत. तिसऱ्या वर्षी, ज्या गावांत हे काम नव्हते त्यांच्या तुलनेत, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरला. हा निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि पुढे देशभरच्या आशा ताईंच्या नवजात बाळांविषयीच्या कामाचा तो पाया झाला.

त्यांनी जंतुसंसर्गाची लक्षणे कोणती धरली ते बघा. बाळाने दूध ओढणे कमी केले किंवा थांबवले. रडणे क्षीण झाले. हातपाय ढिले पडले. अंग हाताला थंड लागते. यातले जवळपास प्रत्येक लक्षण आधी आईच्या कुशीत उमटते. रक्ताची चाचणी नंतर, आईची जाणीव आधी. उंदराच्या पिलावरच्या प्रयोगात जे दिसते, तेच इथे झोपडीत बसून वाचले गेले आणि त्याने जीव वाचले. या विषयाचा मराठी भूमीवरचा सर्वांत सबळ पुरावा मी यालाच मानतो.

गोठ्यातली गोष्ट याहून वेगळी नाही, फक्त वेळ आणखी कमी असतो. माणसाच्या बाळाला आईच्या रक्तातली प्रतिद्रव्ये वारेतून, जन्माआधीच मिळतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेतून ती पार होत नाहीत. वासरू जवळजवळ रिकाम्या हाताने जन्मते. सगळी भिस्त चिकावर. आणि आतड्याला ती प्रतिद्रव्ये सबंध शोषून घेता येतात ती जेमतेम पहिले चोवीस तास, त्यातही पहिल्या काही तासांत सर्वांत चांगली. पंचवीस किलोच्या वासराला वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका, म्हणजे अडीच लिटर चीक, शक्य तितक्या लवकर मिळायला हवा. अजूनही बऱ्याच गावांत वार पडेपर्यंत वासराला पाजायचे नाही अशी समजूत आहे. म्हशीची वार पडायला आठ-दहा तास सहज जातात. तेवढा वेळ आतडे बंद होत राहते आणि वासरू गोठ्याची जमीन, दोर, भिंत चाटत राहते. ज्या आतड्यात आधी आईचा चीक जायला हवा, तिथे शेणातले जिवाणू पहिले पोचतात. शिवाय वासराच्या चोखण्याने आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन सुटते, गर्भाशय आवळते आणि वार पडायला मदत होते. म्हणजे ज्या गोष्टीची वाट बघत पाजणे थांबवले, तीच पाजण्याने लवकर घडली असती. ही समजूत बाळगणाऱ्यांना मी अडाणी म्हणत नाही, जनावराच्या काळजीपोटीच ती आली असेल. पण ती सोडून द्यायला हवी, हे मी स्पष्ट सांगतो.

चिकाचेही तसेच. कास न धुता, खरकट्या बादलीत काढलेला चीक उन्हाळ्यात तासभर तसाच राहिला तर त्यात जिवाणू वेगाने वाढतात. अनुकूल उष्णतेत ई. कोलाय वीसेक मिनिटांत दुप्पट होतो. असा चीक पाजला तर वासराच्या रक्तात प्रतिद्रव्ये कमी उतरतात, कारण जिवाणू शोषणाच्या आड येतात. परदेशातल्या मोठ्या गोठ्यांत चीक ६० अंश सेल्सिअसवर तासभर ठेवून जिवाणू कमी करतात, प्रतिद्रव्ये शाबूत राहतात, आणि शोषण सुधारते. आपल्याकडे एवढी सोय नसते. स्वच्छ कास, स्वच्छ हात आणि वासराला थेट सडाशी लावणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हातात आहे.

पहिल्या तीन-चार दिवसांत वासराला लागणाऱ्या पातळ हगवणीमागे पुष्कळदा ई. कोलायचीच एक जात असते. के-९९ नावाच्या केसांसारख्या तंतूंनी ती आतड्याला चिकटते आणि तिच्या विषाने आतडे पाणी ओतू लागते. डोळे खोल जातात, कान गार पडतात, वासरू उठत नाही. उठत नाही म्हणून चोखत नाही, चोखत नाही म्हणून कास तटतटते, आणि म्हैस पान्हा चोरते. आजार वासराला, हिशेब बिघडतो सगळ्या घराचा. यावरचा एक उपाय मला या शास्त्राचे सार वाटतो : गाभण गाईला विण्याच्या काही आठवडे आधी लस टोचायची, म्हणजे चिकातून वासराला संरक्षण मिळते. वासराला वाचवायचे औषध आईला द्यायचे.

आईशी संपर्क तुटला तर काय हरवते, याचे एक जुने उदाहरण सांगतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटपिशवीत जिवाणूंबरोबर केसाळ एकपेशीय प्राणीही राहतात. वासराला जन्मापासून मोठ्या जनावरांपासून पूर्ण वेगळे ठेवले तर जिवाणू त्याला कुठून ना कुठून मिळतात, पण हे एकपेशीय प्राणी मिळत नाहीत. ते मोठ्या जनावराच्या लाळेतूनच येतात. आई वासराचे तोंड चाटते तेव्हा ती नकळत त्याच्या पोटाची पेरणी करत असते.

शेळीचा पुरावा वेळेच्या बाबतीत आणखी कडक आहे. पीटर क्लॉपफर आणि सहकाऱ्यांनी १९६४ साली दाखवले की जन्मल्याबरोबर पाचच मिनिटे करडू जवळ राहिले, तर पुढे तीन तास वेगळे ठेवूनही शेळी त्याला जवळ करते. ती पाच मिनिटेही मिळाली नाहीत, तर बहुतेक शेळ्या झिडकारतात. व्याल्याबरोबर करडू उचलून, पुसून, दूर गोणपाटावर ठेवण्याची घाई करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

दोन धोके इथेच नोंदवतो. पहिला, ‘चांगले जिवाणू’ म्हणून डब्यांत विकल्या जाणाऱ्या चूर्णांचा मोह. २००४ साली जपानच्या नोबुयुकी सुदो यांनी निर्जंतुक उंदरांत ताणाची संप्रेरके प्रमाणाबाहेर वाढतात आणि बायफिडोबॅक्टेरियम इन्फँटिस दिल्यावर ती आटोक्यात येतात हे दाखवले; पण रोगकारक ई. कोलाय दिल्यावर तोच ताण आणखी चढला, आणि आतड्यात सामान्य जिवाणू भरण्याचा उपाय लहान वयात चालला, उशिरा चालला नाही. ओडिशातल्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेल्या आणि २०१७ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटारमची एक विशिष्ट जात सात दिवस दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू मिळून ४० टक्क्यांनी घटले. फार मोठे यश. पण ते त्या जातीचे, त्या मात्रेचे, त्या वयाचे. कोणत्याही डब्याला ते लागू होत नाही. सूक्ष्मजीव जागा बघून फोफावतात; आपल्या जिल्ह्याला हे समजावून सांगायला लोणारचे सरोवर आहे. २०२० च्या जूनमध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्यामागे मिठात फोफावणारे सूक्ष्मजीव असल्याचे दाखवले. पाणी आटून खारटपणा वाढला आणि ते वरचढ झाले. आतड्यातही कोण वरचढ होईल ते तिथली परिस्थिती ठरवते, आणि नवजाताच्या आतड्यातली परिस्थिती आईचे दूध घडवते.

दुसरा धोका मला जास्त अस्वस्थ करतो. ‘आईच्या काळजीवर सगळे ठरते’ हे वाक्य फार सहज ‘आईचीच चूक’ असे होते. कॅलिफोर्नियात टॅली बराम यांच्या प्रयोगशाळेत माद्यांना घरट्यासाठी पुरेसा पेंढा दिला नाही, एवढाच बदल केला. त्याच माद्यांची पिलांची काळजी तुटक, विस्कळीत झाली. मादी वाईट नव्हती, पेंढा कमी होता. चारा, पाणी, सावली, जागा, विश्रांती यांवर काळजी उभी असते; गोठ्यात तसेच घरात. बाळंतपणानंतर आठवड्यात सोयाबीन सोंगायला जावे लागणाऱ्या बाईला स्तनपानाचे महत्त्व शिकवण्याआधी तिला सुटी मिळायला हवी. हा अभ्यास आईला दोष देण्यासाठी कोणी वापरला, तर तो त्या अभ्यासाचा गैरवापर आहे.

शेवटी, या विषयात काम करू इच्छिणाऱ्या मुलामुलींसाठी. इथे सांगितलेले बहुतेक प्रयोग प्रयोगशाळेतल्या उंदरांवर झाले आहेत. आपल्या पूर्णाथडी म्हशी आणि बेरारी शेळ्या आपल्या अंगणात आहेत, आणि त्यांच्याकडे बघायला मोठे यंत्र लागत नाही. एक वही घ्या. जनावर किती वाजता व्याले, आईने चाटायला कधी सुरुवात केली, पिलू किती मिनिटांनी उभे राहिले, पहिला चीक किती वाजता आणि कसा पोटात गेला, बेंबीला आयोडीन लावले का, पहिल्या सात दिवसांत हगवण लागली का, लागली तेव्हा आई पिलाला जास्त चाटत होती की टाळत होती, हे रोज त्याच दिवशी लिहा. आठवून नंतर लिहू नका. दोन-चार विणींच्या अशा नोंदी जमल्या की त्या घेऊन अकोल्याच्या स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्थेतल्या किंवा तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या जाणकारांकडे जा आणि त्यांना प्रश्न विचारा. पुढची प्रकरणे त्या वहीशेजारी ठेवून वाचा.